जुन्या फ्रीस्टाइल कुस्तीला ‘खोटी’ म्हणून मोडीत काढू नये

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील फ्रीस्टाइल कुस्तीचे प्रसिद्ध मल्ल हल्क होगन यांचे २४ जुलै २०२५ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी निधन झाले. त्यानंतर आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत दोन-तीन पत्रे आली. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असायचा तिच्यातल्या मल्लाला एवढी श्रद्धांजली कशासाठी, पोरवयात आपण सगळेच फसलो आणि आता तरी ते मान्य करावे, असा त्यांचा सूर होता. पत्रलेखकांचा राग मी समजू शकतो. तरीही ज्या फ्रीस्टाइल कुस्तीने नाशिकमधल्या एका पिढीच्या संध्याकाळी भारून टाकल्या, तिला असे एका शब्दात मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. हा अन्याय सर्वांत जास्त होतो तो वर्षानुवर्षे रोज रात्री नव्या गावात जाऊन पाठीवर आपटून घेणाऱ्या माणसांवर, आणि त्यांची बाजू मांडण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

निकाल ठरलेला असे, याबद्दल वाद नाही. तो आता कोणी लपवतही नाही. या कुस्त्या भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कंपनीच्या खुद्द चालकांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला कार्यक्रम ही क्रीडास्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले होते, कारण तसे केल्याने राज्याच्या क्रीडा मंडळाची देखरेख आणि तिच्यासोबतचा कर टळत होता. म्हणजे आपल्या घरांत केबल येण्याच्या आधीच ही गोष्ट तिकडे जाहीर झालेली होती. प्रश्न एवढाच उरतो, की निकाल ठरल्यानंतर त्या दोरांच्या आत प्रत्यक्ष जे घडे, ते करायला काय लागत असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नाशिकमध्ये केबल पसरू लागली, तेव्हा आम्ही पंचवटीत एका जुन्या वाड्यात राहत होतो. वाड्यात केबल एकाच बिऱ्हाडात होती आणि प्राइम स्पोर्ट्स वाहिनीवर कुस्ती लागली की त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. मुले पुढे जमिनीवर, मोठी माणसे कॉटवर आणि दारात उभ्या असलेल्या बायका ‘अरे, आवाज कमी करा’ म्हणत म्हणत स्वतःही बघत. इंग्रजी समालोचन आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हते, आणि त्याचे कोणाला काही वाटतही नव्हते. टेड डिबियासी नोटांचे बंडल दाखवत हसला की तो पैशाचा माज आहे, हे आमच्या आजीलाही कळे. जेक रॉबर्ट्स ओरडत नसे, अगदी हळू बोले, आणि तरी त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटे. अंडरटेकर १९९० च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा त्या रिंगणात आला, तेव्हापासूनची त्याची ती संथ चाल आणि मार खाऊन एकदम उठून बसणे याची नक्कल वाड्यातल्या प्रत्येक मुलाने केलेली आहे. शाळेच्या दप्तरात ट्रम्प कार्डे असत आणि त्यांवरची उंची, वजन, छाती, दंड यांची मापे पाढ्यांपेक्षा पक्की पाठ असत. एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावरून आमच्या वर्गात चांगलीच जुंपली होती. १९९६ मध्ये गाजलेल्या एका हिंदी चित्रपटात अक्षयकुमारने ज्या अंडरटेकरला लोळवले, तो खरा अंडरटेकर नव्हताच. त्याचे नाव ब्रायन ली, आणि १९९४ मध्ये समरस्लॅम या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मोठ्या कार्यक्रमात तोतया अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरसमोर उभा राहिलेला मल्लही हाच.

या सगळ्याकडे बघण्याची खरी नजर मला दिली ती आमच्या थोरल्या काकांनी. ते तालमीत वाढलेले, जत्रांच्या मैदानांत इनामाच्या कुस्त्या केलेले आणि एक कान चेपून गोळा झालेले असे मातीतले पैलवान होते. ही कुस्ती त्यांना पहिल्यांदा मुळीच रुचली नाही. खडाखडी नाही, पट काढणे नाही, ढाक नाही, घिस्सा नाही, हा कसला आखाडा, असे म्हणून ते उठून जात. पण एके दिवशी ब्रेट हार्टची कुस्ती लागली असताना ते दारातच थांबले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. समोरच्याने त्याला कमरेला धरून उचलले, पाठीवर टाकले, आणि आम्ही मुले उचलणाऱ्याच्या ताकदीवर ओरडत असताना काका म्हणाले, ‘‘अरे, उचलणाऱ्याकडे काय बघता? पडणाऱ्याकडे बघा. मान बघा त्याची. हनुवटी कशी छातीला लावून घेतली, बघा.’’ त्यानंतर ते नेमाने बसू लागले आणि प्रत्येक वेळी पडणाऱ्याचेच वर्णन करू लागले. याने पाठ सपाट टेकवली, याचा खांदा आधी लागला, हा उद्या दुखण्याने झोपणार नाही, असे ते आपल्याशीच बोलत. कोण जिंकणार, हे त्यांनी कधी विचारले नाही.

त्यांचे ते बोलणे किती नेमके होते, हे पुढे या कुस्तीची माहिती वाचत गेलो तेव्हा लक्षात आले. त्या रिंगणाच्या आत गादी असते, असा आपल्याकडे समज आहे. पोलादी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यांवर स्पंजाचा पातळसा थर आणि वर ताणलेले कॅनव्हास, एवढाच तो सगळा मामला असतो. त्यावर पडताना हनुवटी छातीशी घ्यायची, डोके टेकू द्यायचे नाही, पाठीचा वरचा भाग एकाच वेळी सपाट लागेल असे पडायचे आणि दोन्ही हात पसरून फळ्यांवर आपटायचे, म्हणजे आघात एका जागी न बसता वाटला जातो. ज्याला उचलले जाते तोही उडी घेऊन उचलणाऱ्याला मदत करतो, आणि उचलणारा त्याला कोठे आणि कसे टाकायचे याची सारी जबाबदारी स्वतःच्या हातावर घेतो. नवशिक्यांना महिनोन्‌महिने फक्त पडायला शिकवले जाते. असे पडणे दुखत नाही, असे कोणी समजू नये. ते फक्त मोडू देत नाही, आणि वर्षाचे दोन-अडीचशे दिवस तसेच पडत राहिले की अखेरीस मोडतेच.

ब्रेट हार्ट हा या विद्येतला माझ्या मते सर्वांत मोठा माणूस. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात त्याचे वडील स्टू हार्ट यांनी राहत्या घराच्या तळघरात आखाडा केला होता आणि तेथे त्यांनी आपल्या मुलांना व बाहेरच्या कितीतरी मल्लांना तयार केले. ब्रेट हार्टने आपल्या कारकिर्दीबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा अभिमानाने सांगितली आहे, ती अशी की आपल्या हातून कोणीही प्रतिस्पर्धी गंभीर जखमी झाला नाही. किताबांचा उल्लेख तो नंतर करतो. त्याची स्वतःची कारकीर्द मात्र डिसेंबर १९९९ मध्ये गोल्डबर्ग या तरुण मल्लाची लाथ डोक्याला बसून मेंदूला इजा झाल्यामुळे संपली. ज्याने दुसऱ्याचे शरीर आयुष्यभर जपले त्याचे शरीर दुसऱ्याच्या हातून जपले गेले नाही, हे आजही मनाला लागते.

आता होगन यांच्या त्या प्रसिद्ध कुस्तीकडे येतो, कारण टीका करणाऱ्या पत्रांत तिचाच उल्लेख होता. २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यातील पॉन्टिॲक सिल्व्हरडोममध्ये होगन आणि आंद्रे द जायंट समोरासमोर आले. ९३,१७३ प्रेक्षक असल्याचे त्या वेळी जाहीर करण्यात आले. त्या आकड्याबद्दल पुढे पुष्कळ वाद झाला, तरी ते मैदान खच्चून भरलेले होते, हे चित्रीकरणात दिसतेच. आंद्रेला आजवर कोणी उचलून आपटलेले नाही, अशी जाहिरात करण्यात आली होती. ती खरी नव्हती. स्वतः होगननेच १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये त्याला उचलून टाकले होते. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. आंद्रेला शरीराची वाढ न थांबण्याचा विकार होता, पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्या रात्री त्याने काळ्या पोशाखाच्या आत पाठीला पट्टा बांधलेला होता. त्याला नीट चालताही येत नव्हते. कुस्ती सुरू होताच होगन त्याला उचलायला गेला आणि त्याच्या ओझ्याखाली स्वतःच कोसळला, पंचाचा हात तिसऱ्यांदा खाली येता येता राहिला (तो तिसऱ्यांदा आपटला की कुस्ती संपते), आणि त्यानंतर आंद्रेने त्याला दोन्ही हातांच्या मिठीत आवळून धरले ते किती तरी वेळ. त्या मिठीत काही घडत नाही, असे आजच्या मुलांना वाटते. घडत असे ते प्रेक्षकांत. हजारो लोक आधी गप्प झाले, मग कुजबुजू लागले आणि होगनचा हात हलला तेव्हा उसळले. शेवटी त्याने आंद्रेला उचलले आणि आपटले. आंद्रेच्या मनात नसते तर ते कोणाच्याही बापाला शक्य झाले नसते. ज्याला चालणे जड जात होते त्या माणसाने आपली दुखरी पाठ दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि आपले सगळे मोठेपण त्याला देऊन टाकले. सहा वर्षांनी, जानेवारी १९९३ मध्ये, पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी ती कुस्ती पुन्हा एकदा आंद्रेच्या चेहऱ्याकडे बघत पाहावी, एवढीच विनंती.

त्याच रात्री त्याच मैदानात रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांचीही कुस्ती झाली, आणि जाणकार आजही तिलाच त्या दिवसाची खरी कुस्ती मानतात. सॅव्हेजने तिचा एकेक डाव आधी कागदावर लिहून, पाठ करून घेतला होता. त्या दोघांच्या घोटीव कामाबद्दल स्वतंत्र लेखच हवा.

दुसऱ्याच्या हातात स्वतःची मान देणे म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी ३ ऑगस्ट १९९७ ची स्टीव्ह ऑस्टिन आणि ओवेन हार्ट यांची कुस्ती आठवावी. ओवेन हा ब्रेटचा धाकटा भाऊ, अत्यंत चपळ आणि सर्वांचा लाडका. त्याने ऑस्टिनला उलटा धरून त्याचे डोके आपल्या मांड्यांच्या मध्ये घेतले आणि खाली बसला. या डावात डोके फळ्यांच्या वर काही इंच सुरक्षित राहायला हवे. त्या दिवशी ते राहिले नाही. ऑस्टिनची मान दबली आणि त्याचे हातपाय बधिर झाले. ओवेन प्रेक्षकांकडे वळून काहीबाही बोलत, हातवारे करत वेळ काढू लागला, म्हणजे पडलेल्या माणसाला सावरायला अवधी मिळावा. ऑस्टिन कोपरांवर रांगत आला, ओवेनला मागून कसेबसे गुंडाळले आणि ठरलेला निकाल पुरा केला. तो पुन्हा उभा राहिला, पण ती मान त्याला जन्माची पुरली आणि २००३ नंतर त्याला नियमित कुस्ती सोडावी लागली. पुढे २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटीमध्ये छतावरून दोराने उतरण्याच्या एका दिखाऊ प्रवेशात ओवेन हार्ट खाली कोसळून मरण पावला. त्यात कुस्तीचा काही संबंधच नव्हता, आणि म्हणूनच तो मृत्यू अधिक संतापजनक वाटतो. त्यानंतरही तो कार्यक्रम त्या रात्री पुढे चालू ठेवला गेला, ही गोष्ट मी कधीही क्षम्य मानणार नाही.

निकाल ठरवण्याची ही रीत आली तरी कोठून, याचाही विचार टीकाकारांनी करावा, कारण त्या कथेच्या आरंभी आपला एक हिंदुस्थानी मल्ल उभा आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची खरीखुरी कुस्ती झाली. गामाने त्याला पहिल्याच मिनिटात खाली घेतले आणि त्यानंतर झिबिस्को चटईला जो चिकटला तो अडीच तासांहून अधिक वेळ उठलाच नाही. कुस्ती बरोबरीत सुटली, प्रेक्षक कंटाळून गेले, आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या फेरलढतीला झिबिस्को आलाच नाही. (१९२८ मध्ये पतियाळ्यात दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत आस्मान दाखवले.) खरी कुस्ती तिकीट काढून आलेल्या माणसाला पुष्कळदा अशीच दिसते, हे अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या लक्षात आले आणि विसाच्या दशकात एड लुईस, टूट्स माँट व बिली सँडो या तिघांनी वेगवान, उचलाउचलीची, मुष्टियुद्ध आणि कुस्ती यांची सरमिसळ असलेली नवी शैली रूढ केली. निकाल ठरवणे हे तिच्यासोबतच पक्के झाले. ते करणारे एड लुईससारखे लोक खऱ्या कुस्तीतही कोणाला ऐकणारे नव्हते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे ही कुस्ती केबलच्या कितीतरी आधी आली होती. पन्नास आणि साठच्या दशकांत मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइलचे सामने होत आणि ते बघायला नाशिकहूनही माणसे जात. परत आल्यावर ते वर्णन करून सांगण्यात त्यांचे पुढचे चार दिवस जात, असे आमचे काका सांगत. अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचे दारासिंग हे त्या काळाचे दैवत. १९५९ मध्ये कोलकात्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून ते राष्ट्रकुल विजेते झाले आणि १९६८ मध्ये मुंबईत लू थेझला हरवून जगज्जेते म्हणवले गेले. थेझ हा काही सोंगाड्या नव्हता. त्याच्या हातात सापडलेला माणूस सुटत नाही, अशी त्याची ख्याती होती. पण लोकांच्या ओठांवर नाव असे ते किंगकाँगचे. दोनशे किलोंच्या घरात वजन सांगितला जाणारा तो मूळचा हंगेरीकडचा मल्ल, खरे नाव एमिल चाया, दारासिंग यांच्यासमोर गावोगाव उभा राहिला, गावोगाव शिव्या खाल्ल्या आणि गावोगाव पडला. १९७० मध्ये मोटारीच्या अपघातानंतर सिंगापुरात त्याचा मृत्यू झाला. दारासिंग यांच्या मोठेपणात त्याचा केवढा वाटा आहे, याची नोंद मी मराठीत फारशी वाचलेली नाही.

आमच्या पिढीने दारासिंग यांना पहिल्यांदा पाहिले ते १९८७ मध्ये दूरदर्शनवरच्या रामायण मालिकेतील हनुमान म्हणून. ज्या गावात अंजनेरीचा डोंगर मारुतीचे जन्मस्थान मानला जातो आणि ज्या गावच्या प्रत्येक तालमीत मारुतीच्या मूर्तीला नमस्कार केल्याशिवाय मातीला पाय लागत नाही, त्या गावात या भूमिकेचे काय महत्त्व होते, हे नाशिककरांना सांगायला नको. वाड्यातल्या म्हाताऱ्या बायका पडद्याला हात जोडत आणि तेव्हा त्यांना कोणी ‘अहो, हा खरा मारुती नव्हे’ असे समजावत बसत नसे. कालिदास कलामंदिरात आपण ऐतिहासिक नाटक बघतो, तलवार बोथट आहे आणि पडलेला सरदार पडदा पडल्यावर उठून चहा घेणार आहे, हे पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरी त्याच्या मृत्यूला डोळे भरून येतात. फ्रीस्टाइलच्या मल्लाला मात्र आपण ही सवलत देत नाही, जरी तो पडायचा ते खऱ्या फळ्यांवर आणि खऱ्या पाठीवर.

हे सगळे लिहीत असताना त्या काळाची काळी बाजू मी झाकून ठेवू इच्छित नाही. शरीर फुगवण्यासाठी सर्रास स्टेरॉइड्स घेतली जात. ती पुरवणाऱ्या डॉक्टरला १९९१ मध्ये अमेरिकेत दोषी ठरवले गेले. मल्लांना कंपनीचे नोकर मानले जात नसे, त्यामुळे आजारपणाचा विमा नाही आणि निवृत्तिवेतन नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुराने संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तो मोडून निघाला. ट्रम्प कार्डांवर ज्यांची मापे आम्ही पाठ केली त्यांतले कितीजण पन्नाशीसुद्धा गाठू शकले नाहीत: रिक रूड ४० व्या वर्षी, योकोझुना ३४ व्या, डेव्ही बॉय स्मिथ ३९ व्या, कर्ट हेनिग ४४ व्या वर्षी गेला. होगन यांच्याबद्दलही केवळ चांगलेच बोलावे, असा माझा आग्रह नाही. कृष्णवर्णीयांबद्दल त्यांनी वापरलेली हीन भाषा २०१५ मध्ये उघड झाली आणि कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले, पुढे तीन वर्षांनी त्यांना परत घेतले. ते बोलणे निंद्य होते आणि मृत्यूनंतरही निंद्यच राहते. शिवाय घराघरांत आणि शाळांच्या मैदानांवर त्या डावांची नक्कल करताना मुलांचे हात मोडले, हा पालकांचा आक्षेपही रास्तच होता. या सगळ्याचा दोष ज्यांचा आहे त्यांना द्यावा. त्या रिंगणात पडणाऱ्याच्या कसबाला तो लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तालमींशी संबंधित काही मंडळी असेही म्हणतात की, दूरचित्रवाणीवरच्या या कुस्तीने मातीतली कुस्ती मारली. मला ते पटत नाही. मातीतल्या मल्लासमोरच्या अडचणी म्हणजे खुराकाचा न परवडणारा खर्च, जत्रेची मैदाने मातीवर आणि स्पर्धा मॅटवर असल्याने दोन्हींकडे होणारी ओढाताण, आणि तिशीनंतर पोटापाण्याचे काय, हा प्रश्न. त्यांतली एकही अडचण अंडरटेकरने निर्माण केलेली नाही. आमच्या वाड्यातली दोन मुले तर दूरचित्रवाणीवरची कुस्ती बघूनच काकांच्या मागे लागली आणि पहाटे उठून जोर-बैठका मारू लागली. जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून उतरलेल्या हर्षवर्धन सदगीरने महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हा गावात झालेल्या जल्लोषात ट्रम्प कार्डे खेळून मोठे झालेले बापसुद्धा आपली मुले खांद्यावर घेऊन उभे होते. दोन्हींवर प्रेम करता येते.

आजची व्यावसायिक कुस्ती मी अधूनमधून पाहतो. आजची मुले शरीराने जुन्यांपेक्षा कितीतरी चपळ आहेत, हे मान्यच करावे लागेल. पण एकेका कुस्तीत एवढे डाव पडतात आणि प्रत्येक डावातून समोरचा इतक्या सहज उठतो, की कोणत्याच पडण्याला किंमत उरत नाही. जेक रॉबर्ट्सने डीडीटी, म्हणजे डोके काखेत धरून खाली आपटण्याचा डाव, लावला की कुस्ती संपली, हे आम्हांला माहीत असायचे, म्हणून तो लागेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. तोच डाव आज मध्येच कधी तरी लागतो आणि बोलण्याच्या ओघात विसरलाही जातो. २३ मार्च १९९७ रोजी शिकागोजवळ ब्रेट हार्टने ऑस्टिनला शार्पशूटर या पालथे पाडून पाय मुरडणाऱ्या पकडीत अडकवले, ऑस्टिनच्या कपाळातून रक्त वाहत होते, तो शरण आला नाही आणि शेवटी तसाच शुद्ध हरपून पडला. जिंकलेल्याला लोकांनी हिणवले आणि हरलेल्याला डोक्यावर घेतले. एका कुस्तीत, एक शब्दही न बोलता, नायकाचा खलनायक आणि खलनायकाचा नायक झाला. एवढे घडवायला प्रेक्षकाला थांबवून ठेवावे लागते आणि दोन्ही मल्लांना घाई आवरावी लागते, आणि ती सबुरी मला आज फारशी दिसत नाही.

आपणाकडे माझी एक विनंती आहे. वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंगकाँग यांना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. जुन्या नाशिकमधले वाडे उतरवले जात आहेत आणि त्यांच्या माळ्यांवरच्या ट्रंकांमधून जुन्या सामन्यांची तिकिटे, जाहिरातींचे कागद आणि छायाचित्रे रद्दीत जात आहेत. आपल्या रविवारच्या पुरवणीत काही आठवडे तरी थोडी जागा देऊन आपण वाचकांकडून या आठवणी आणि ही कागदपत्रे मागवावीत. रोकडोबा, गुलालवाडी अशा जुन्या तालमींतल्या वयोवृद्धांना आवर्जून विचारावे, कारण पडणाऱ्याकडे बघायला शिकलेली नजर त्यांच्याकडे आहे. जिंकलेल्यांबरोबर हरलेल्यांचीही नावे त्या आठवणींत छापली जावीत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्या घरी जाऊन मजकूर उतरवून घेण्याची माझी आणि माझ्या दोन मित्रांची तयारी आहे. आपण होकार कळवल्यास आम्ही सुरुवात पंचवटीपासून करू आणि लिहिलेला मजकूर आपल्या कार्यालयात आणून देऊ.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक
पंचवटी, नाशिक